उसन्या क्लचचे गणित

एका कंपनीच्या गाडीला दुसऱ्या कंपनीचा सुटा भाग बसवायचा, हा उद्योग आपल्याला नवा नाही. गावोगावच्या गॅरेजमध्ये तो रोज चालतो. एका मोटारसायकलचा आरसा दुसरीवर दिसतो, एका ट्रॅक्टरचे आसन दुसऱ्यावर चढते. आरशाचे आणि आसनाचे ठीक आहे. पण इंजिनाची ताकद आणि गाडीचा वेग यांचा मेळ घालणारा भागच उसना आणला तर काय होईल? या लेखात आपण असेच एक उदाहरण तपासून पाहणार आहोत. ते दूरच्या, बर्फाळ मुलखातले आहे. पण त्यामागचे भौतिकशास्त्र अकरावीच्या पुस्तकात आहे आणि त्या यंत्राचा एक भाऊबंद आपल्यापैकी अनेकांच्या दारात उभा असतो.

उदाहरण आहे स्नोमोबाइलचे. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर धावणारी मोटारसायकलच म्हणा ना! पुढे चाकाऐवजी दोन स्की असतात. हँडल फिरवले की त्या वळतात. मागेही चाक नाही. तिथे रणगाड्याला असते तशी फिरती साखळी असते, पण पोलादाऐवजी रबराची आणि चांगली रुंद. तिला ट्रॅक म्हणतात. कॅनडा, अलास्का, अमेरिकेची उत्तरेकडची राज्ये, फिनलंड, स्वीडन अशा ठिकाणी हिवाळ्यात कित्येक रस्ते नाहीसेच होतात, तेव्हा ही गाडी उपयोगी पडते. आपल्याकडे गुलमर्गला पर्यटक हौसेने तिच्यावर बसतात आणि सियाचीनच्या हिमनदीवर आपले लष्कर 'स्नो-स्कूटर' या नावाने तीच वापरते.

या गाडीच्या इतिहासात एक दुःखाची गोष्ट आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाच्या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्डिए (जन्म १९०७) यांचे गॅरेज होते. बर्फावर चालणारी गाडी बनवण्याचे त्यांचे प्रयोग तरुणपणापासून चालू होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला आंत्रपुच्छाचा विकार झाला. रस्ते बर्फाने बंद. दवाखान्यात नेता आले नाही आणि मूल दगावले. पुढे १९३७ च्या सुमारास त्यांची सात माणसे बसणारी बंद गाडी बाजारात आली, आणि १९५९ मध्ये त्यांच्याच कंपनीने एक-दोन माणसांची हलकी 'स्की-डू' काढली. तिकडे अमेरिकेत मिनेसोटा राज्यात पोलारिस ही कंपनी १९५४ मध्ये सुरू झालेली होती. १९७० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत स्नोमोबाइल बनवणाऱ्या शंभरावर कंपन्या होत्या! पुढे बहुतेक बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. मोठी म्हणावीत अशी चारच नावे उरली, आणि त्यांतल्या यामाहानेही २०२३ साली हा धंदा आवरता घेत असल्याचे जाहीर केले.

कंपन्या गेल्या, पण त्यांच्या गाड्या गेल्या नाहीत. मग त्यांना सुटे भाग आणायचे कुठून? उसना क्लच बसवण्याची वेळ येते ती बहुधा इथे. कधी जुना क्लच झिजतो आणि त्याचे भाग मिळत नाहीत. कधी दुसऱ्या कंपनीचा क्लच अधिक साधा आणि टिकाऊ म्हणून नावाजलेला असतो. पोलारिसचा 'पी-८५' हा १९८० च्या दशकातला क्लच असाच प्रसिद्ध झाला: रचना सोपी, आणि त्यात घालायची वजने व स्प्रिंगा भंगारवाल्याकडेसुद्धा ढिगाने मिळणार. शिवाय गाडी एका कंपनीची आणि तिचे इंजिन दुसऱ्याच कारखान्यातले, हा प्रकार या धंद्यात पहिल्यापासून आहे. पोलारिसने अनेक वर्षे जपानच्या फुजीची इंजिने वापरली, आर्क्टिक कॅटने सुझुकीची, आणि स्की-डूची इंजिने ऑस्ट्रियातल्या रोटॅक्सची. त्यामुळे 'याचे त्याला' लावण्याची सवय तिथल्या लोकांना आहेच.

यात धोका काय, असे कोणी विचारील. शेजारच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढकलत आणता येते. पण उणे तीस अंशांत, गोठलेल्या सरोवरावर, वस्तीपासून चाळीस किलोमीटरवर पट्टा तुटला तर? पर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञाने फिनलंडच्या उत्तर भागातील स्कोल्ट सामी या रेनडिअरपाळ लोकांमध्ये राहून, स्नोमोबाइल आल्यावर त्यांचे जीवन कसे बदलले यावर १९७३ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यात हा मुद्दा ठळकपणे येतो: रेनडिअरला गावातलाच चारा पुरत होता, यंत्र आले आणि माणूस बाहेरून येणाऱ्या पेट्रोलवर आणि सुट्या भागांवर अवलंबून राहिला.

दोन शंकू, एक पट्टा

स्नोमोबाइलला मोटारसायकलसारखे पहिला-दुसरा-तिसरा असे गिअर नसतात. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर एक पुली असते, तिच्यापासून थोड्या अंतरावर दुसरी, आणि दोन्हींवरून रबराचा एक पट्टा फिरतो. पिठाच्या गिरणीच्या मोटारीवर असतो तसाच, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा छेद असलेला, पण बराच रुंद. पहिल्या पुलीला चालक पुली म्हणू आणि दुसरीला चालित. तिकडचे लोक या दोन्ही पुल्यांनाच 'क्लच' म्हणतात. आपल्या डोक्यातला क्लच म्हणजे पायाने किंवा हाताने दाबायचा. हा तसा नाही, हे आधीच लक्षात ठेवावे.

गिरणीच्या पुलीची खाच ठरीव असते. इथे प्रत्येक पुली दोन शंकूच्या आकाराच्या तबकड्यांची बनलेली आहे. त्यांतली एक तबकडी जागेवर पक्की, दुसरी सरकणारी. तबकड्या एकमेकींपासून दूर असल्या की पट्टा खाचेत खोल बसतो, म्हणजे पुली जणू लहान होते. जवळ आल्या की पट्टा वर चढतो आणि पुली मोठी होते. वर्गात हे दाखवायला दोन नरसाळी पुरेत. त्यांच्या निमुळत्या नळ्या समोरासमोर येतील अशी ती एका जाड पेन्सिलीवर ओवा, मधल्या खाचेवर जाड दोऱ्याचे सैल कडे टाका, आणि नरसाळी हळूहळू जवळ ढकला. दोरा चढताना दिसतो. एका मिनिटात समजणारी गोष्ट आहे, फळ्यावर आकृती काढून मात्र निम्म्या मुलांना ती समजत नाही.

पट्ट्याची लांबी ठरलेली असल्यामुळे चालक पुली मोठी झाली की चालित पुलीला लहान व्हावेच लागते. गाडी निघताना चालक लहान आणि चालित मोठी असते. इंजिनाचे सुमारे पावणेचार फेरे होतात तेव्हा चालित पुलीचा एक. वेग वाढत जातो तसे हे गुणोत्तर सरकत सरकत एकास एकच्या आसपास येते. मधले सगळे गिअर आपोआप मिळतात आणि एकही दाता बदलावा लागत नाही.

आता दारातल्या भाऊबंदाकडे पाहू. १९८४ साली आपल्याकडे कायनेटिक होंडा आली आणि 'गिअर नसलेली स्कूटर' म्हणून तिचे नवल झाले. तिच्यात आणि तिच्यानंतर आलेल्या बहुतेक गिअरविरहित स्कूटरमध्ये हीच दोन शंकूंची युक्ती आहे. युक्ती त्याहूनही जुनी. कॅलिफोर्नियातल्या सॉल्सबरी कंपनीच्या स्कूटरला ती १९३० च्या दशकात होती आणि हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये ती मोटारीत आणली. स्कूटर आणि स्नोमोबाइल यांत एक फरक मात्र आहे. स्कूटरचा पट्टा दोन्ही पुल्यांत नेहमीच धरलेला असतो आणि इंजिन सुटे ठेवण्याचे काम मागच्या चाकाजवळचा वेगळा क्लच करतो. स्नोमोबाइलमध्ये इंजिन संथ चालू असताना चालक पुलीच्या तबकड्या इतक्या लांब असतात की पट्टा मध्ये नुसता सैल बसून राहतो. तबकड्यांनी पट्टा धरला की गाडी निघाली. म्हणजे तीच पुली क्लचही आहे आणि गिअरही. उसनी पुली घेताना ही दोन्ही कामे उसनी येतात.

पन्नास ग्रॅमचे पावणेदोन क्विंटल

तबकड्यांना जवळ ढकलतो कोण? पी-८५ सारख्या क्लचमध्ये सरकत्या तबकडीच्या पाठीवर बिजागरीने अडकवलेली तीन छोटी वजने असतात. वजन म्हणजे पोलादाचा वाकडा तुकडा, साधारण चाळीस ते साठ ग्रॅमचा. पुली फिरू लागली की ही वजने बाहेर फेकली जाऊ पाहतात, त्यांची वाकडी पाठ समोरच्या रुळांवर रेटते आणि त्या रेट्याने तबकडी आत सरकते. उलट दिशेने एक स्प्रिंग तिला मागे ढकलत असते. (काही कंपन्यांच्या रचनेत वजने कुठे आणि रूळ कुठे यांची अदलाबदल असते, तत्त्व तेच.)

'बाहेर फेकले जाणे' हा शब्दप्रयोग भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना खटकेल. केंद्रोत्सारी बल हे फिरणाऱ्याच्या दृष्टीने दिसणारे बल आहे, बाहेर उभ्या असलेल्याच्या दृष्टीने रूळच वजनाला आत ढकलत असतो, आणि त्याची प्रतिक्रिया तबकडीला सरकवते. हिशोब दोन्हीकडून एकच येतो, तेव्हा तो करून पाहू.

बल = वस्तुमान × कोनीय वेगाचा वर्ग × त्रिज्या.

इंजिन मिनिटाला ८००० फेरे घेत आहे असे समजा. टू-स्ट्रोक स्नोमोबाइलमध्ये हा आकडा नेहमीचाच. म्हणजे सेकंदाला सुमारे १३३ फेरे, आणि कोनीय वेग ८३८ रेडियन दर सेकंद. त्याचा वर्ग सुमारे ७,०२,०००. वजन ५० ग्रॅमचे आणि अक्षापासून ५ सेंटिमीटरवर धरू. गुणाकार केला की उत्तर येते सुमारे १,७५५ न्यूटन. किलोच्या भाषेत १७९ किलो! लिंबापेक्षा फार मोठा नसलेला पोलादाचा तुकडा, आणि तो पावणेदोन क्विंटलच्या पोत्यासारखा रेटतो. इंजिन संथ, म्हणजे १५०० फेऱ्यांवर असताना हेच बल सव्वासहा किलोच्या आसपास असते, म्हणून तेव्हा स्प्रिंग त्याला सहज अडवते. वेगाचा वर्ग म्हणजे काय, हे मुलांना पटवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

चालित पुलीतही एक स्प्रिंग असते आणि एक तिरकी, जिन्याच्या वळणासारखी खोबण. ट्रॅकवर भार वाढला, समजा चढ लागला, की पट्ट्याच्या पिळामुळे त्या खोबणीवरून तबकडी सरकते, पट्ट्याला घट्ट आवळते आणि चालित पुली मोठी होऊ लागते. म्हणजे गाडी आपण होऊन खालच्या गिअरमध्ये येते. एका बाजूला इंजिनाचे फेरे मोजणारी चालक पुली, दुसऱ्या बाजूला भार मोजणारी चालित पुली, आणि मध्ये पट्टा तराजूच्या दांडीसारखा. दांडी जिथे स्थिरावेल ते त्या क्षणीचे गिअर.

या सगळ्या खटाटोपाचा हेतू काय? टू-स्ट्रोक इंजिन आपली पूर्ण शक्ती फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच देते. धुराड्याची नळी त्या विशिष्ट फेऱ्यांसाठी बेतलेली असते. दोन-चारशे फेरे खाली आले की शक्ती एकदम ओसरते. चालकाने अंगठ्याची कळ पूर्ण दाबली की इंजिनाने त्या फेऱ्यांवर जावे आणि तिथेच राहावे, गाडीचा वेग मात्र वीसवरून शंभरावर जात राहावा, हे क्लचचे काम. नीट जुळलेल्या गाडीत फेरे मोजणारा काटा जवळजवळ जागेवर खिळतो आणि वेगाचा काटा तेवढा चढत जातो.

म्हणजे वजने आणि स्प्रिंग हे एका गणिताचे उत्तर आहे. ते गणित कोणत्या तरी एका इंजिनासाठी सोडवलेले असते. तेच उत्तर उचलून दुसऱ्या इंजिनाला लावले तर बरोबर येईल का?

दोऱ्याला बांधलेला खोडरबर

हे समजायला एक जुना प्रयोग पुन्हा करू या. बॉलपेनची रिकामी नळी घ्या, तिच्या कडा घासून गुळगुळीत करा. त्यातून मजबूत दोरा ओवा. एका टोकाला २० ग्रॅमचा खोडरबर घट्ट बांधा, दुसऱ्या टोकाला २०० ग्रॅमचे वजन लोंबकळत ठेवा. नळी धरून खोडरबर डोक्यावर आडवा फिरवा, असा की नळीच्या वर दोरा अर्धा मीटर राहील आणि लोंबणारे वजन ना वर जाईल ना खाली. मोकळ्या मैदानात करा, दोरा तुटला तर कोणाला लागता कामा नये. हिशोबाप्रमाणे वीस फेऱ्यांना सुमारे ९ सेकंद लागायला हवेत. आता २० ऐवजी ४० ग्रॅमचा खोडरबर बांधा. तेच वजन तोलायला आता वीस फेऱ्यांना १२.७ सेकंद पुरतात. वस्तुमान दुप्पट, तर फेरे दुप्पट कमी नव्हे, वर्गमूळ दोनच्या पटीत कमी.

क्लचमध्येही हेच. वजने जड केली की कमी फेऱ्यांवरच तोल साधला जातो, हलकी केली की इंजिनाला अधिक फेरे घ्यावे लागतात. ५० ग्रॅमच्या जागी ५४ ग्रॅमची वजने घातली की ८००० फेऱ्यांचे सुमारे ७७०० होतात. एका ग्रॅममागे सुमारे पंचाहत्तर फेरे पडले. तिकडचे मेकॅनिक 'ग्रॅमला शंभर' असा ढोबळ आडाखा धरतात, तो आपल्या हिशोबापासून फार लांब नाही.

आता उसन्या क्लचकडे येऊ. समजा, मूळ क्लच ६० अश्वशक्तीच्या, ८००० फेऱ्यांवर पूर्ण शक्ती देणाऱ्या इंजिनाचा आहे. ज्या गाडीवर तो चढवायचा तिचे इंजिनही ६० अश्वशक्तीचेच, पण जुन्या पद्धतीचे, ७००० फेऱ्यांवर शक्ती देणारे. अश्वशक्ती सारखी, मग अडचण काय? शक्ती म्हणजे पीळ गुणिले कोनीय वेग. वेग कमी, म्हणून तीच शक्ती देताना पीळ आठ-सप्तमांश झाला. पट्टा घसरू नये म्हणून त्याला तेवढ्याच प्रमाणात जास्त आवळायला हवे. आणि हे जास्त बल कमी फेऱ्यांतून काढायचे आहे, जिथे वर्गाचा नियम आपल्या विरुद्ध जातो. दोन्ही एकत्र केले की लागणारे वस्तुमान ८/७ च्या घनाच्या पटीत वाढते, म्हणजे जवळजवळ दीडपट. स्प्रिंगचा वाटा हिशोबात धरला तर पट थोडी कमी, १.३ आणि १.५ यांच्या मध्ये कुठेतरी. पन्नास ग्रॅमचे पासष्ट ते पंचाहत्तर ग्रॅम! फेऱ्यांत फरक फक्त आठव्या हिश्शाचा होता.

वजने न बदलता तसाच क्लच चढवला तर गाडी चालेल, पण कशी? इंजिन ७००० वर थांबणार नाही, त्याच्या पलीकडे किंचाळत जाईल. तिथे त्याची शक्ती ओसरलेली असेल, पुली मात्र लहानच राहील. आवाज फार आणि चाल कमी. उलट चूक झाली, वजने गरजेपेक्षा जड निघाली, तर पट्टा लवकर वर चढेल, इंजिन दबून जाईल आणि चढावर गाडी मान टाकेल. यात फसवणूक अशी की दोन्ही वेळा भाग 'बसलेला' असतो.

वजनाच्या वाकड्या पाठीचा आकारही गणितात येतो, कारण ती पाठच ठरवते की निघताना किती रेटा मिळायचा आणि पूर्ण वेगात किती. सारख्या ग्रॅमची पण वेगळ्या पाठीची दोन वजने सारखी वागत नाहीत. कागदावर हे सोडवणे अवघड जाते, म्हणून अनुभवी मेकॅनिक एक सोपी वाट धरतात. ज्या कंपनीचा क्लच घेतला, तिच्याच गाड्यांपैकी कोणत्या इंजिनाची शक्ती आणि फेरे आपल्या इंजिनाच्या सर्वांत जवळ आहेत ते शोधायचे, त्या गाडीत कारखान्याने घातलेली वजने आणि स्प्रिंग प्रथम घालायची, आणि तिथून एकेक ग्रॅम पुढे-मागे करायचा. दुसऱ्याने सोडवलेले गणित पाहायचे, पण आपल्यासारख्याच विद्यार्थ्याचे.

शंकूची बैठक

गणिताच्या आधी भूमिती येते. क्रँकशाफ्टचे टोक निमुळते, शंकूच्या आकाराचे असते आणि क्लचच्या पोटात तसेच निमुळते भोक. मधोमध एक लांब बोल्ट आवळला की शंकू शंकूत घट्ट रुततो, आणि इंजिनाचा सारा पीळ घर्षणावर पलीकडे जातो. बाटलीला लाकडी बूच रुतते तसे. दहा मिलिमीटरला एक मिलिमीटर असा उतार धरला तर शंकूची बाजू अक्षाशी तीन अंशांहूनही कमी कोन करते. पोलादावर पोलादाचा घर्षणकोन याच्या दुपटीहून मोठा असतो, म्हणून बोल्ट काढला तरी क्लच निघत नाही.

वेगवेगळ्या इंजिन-कारखान्यांचे शंकू वेगवेगळ्या जाडीचे आणि उताराचे असतात. जाडी वेगळी असेल तर क्लच बसतच नाही, ते बरे. उतार थोडासाच वेगळा असेल तर तो बसल्यासारखा वाटतो आणि तेच धोक्याचे. कोनात अर्ध्या अंशाचा फरक आणि शंकूची लांबी चाळीस मिलिमीटर धरा. एका टोकाला सुमारे एक-तृतीयांश मिलिमीटर फट राहते. सगळा पीळ दुसऱ्या टोकाच्या एका कड्यावर येतो. क्लच डगमगतो, शंकू खरवडला जातो, कधी क्रँकशाफ्टचे टोकच मोडते. पारख सोपी आहे: शंकूवर खुणेच्या निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, क्लच हलकेच बसवून काढायचा आणि आतल्या भोकात रंग सगळीकडे सारखा उमटला का ते पाहायचे. उमटला नसेल तर तो क्लच त्या गाडीचा नाही. घासून-पुसून बसवण्याच्या नादी लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रुतलेला क्लच काढण्याची एक युक्ती इथे सांगायलाच हवी. एरवी त्यात एक लांब बोल्ट घालून ढकलतात. हट्टी क्लच त्यालाही दाद देत नाही. मग मेकॅनिक मधले भोक पाण्याने किंवा ग्रीसने काठोकाठ भरतात, बोल्टच्या आट्यांवर नळजोडणीची पांढरी फीत गुंडाळतात आणि बोल्ट पिळतात. पाणी दाबले जात नाही, दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, आणि क्लच 'फट्' आवाज करून सुटतो. पास्कलच्या नियमाची परीक्षेत विचारली जाणारी उदाहरणे कितीही असोत, हे एक त्यांत घालायला हरकत नाही.

पट्ट्याचेही असेच. त्याच्या बाजूंचा तिरपा कोन आणि पुलीच्या तबकड्यांचा कोन जुळला नाही तर पट्टा फक्त कडेवर टेकतो, तापतो आणि जळतो. पट्टा खाचेच्या मानाने रुंद असेल तर इंजिन संथ असतानाही तबकड्या त्याला धरतात आणि गाडी आपली आपण पुढे सरकू लागते. गर्दीच्या जागी हे किती घातक, ते सांगायला नको. अरुंद असेल तर तो उशिरा पकडतो आणि मग हिसका देतो. चालक पुली एका कंपनीची, चालित दुसरीची आणि पट्टा तिसऱ्याच मापाचा, अशी खिचडी होऊ नये म्हणून दोन्ही पुल्यांना मानवणारा पट्टा आधी ठरवावा लागतो. दोन पुल्यांमधले अंतर आणि त्यांची एका रेषेतली मांडणी सरळ पट्टीने तपासावी लागते. नव्या क्लचची पक्की तबकडी इंजिनापासून दोन-चार मिलिमीटर जरी पुढे-मागे आली तरी पट्टा तिरका धावतो.

तोलाचा प्रश्नही आहेच. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पुलीची कड ८००० फेऱ्यांना ताशी सुमारे तीनशे किलोमीटर वेगाने पळत असते. तिच्या कडेला एका बाजूला पाच ग्रॅम जरी जास्त असले, तरी क्रँकशाफ्टच्या बेअरिंगला सुमारे छत्तीस किलोचा हिसका बसतो, सेकंदाला १३३ वेळा, दर वेळी नव्या दिशेने. म्हणून तिन्ही वजने तराजूत जोखून सारखी करतात, आणि भंगारातून आणलेला क्लच फिरवून तोललेला आहे का ते पाहतात. क्लचवरचे संरक्षक आवरण काढून इंजिन जोरात फिरवणे हा तर जिवाशी खेळ आहे. फुटलेला तुकडा पत्र्याच्या बॉनेटला जुमानत नाही.

सगळे जुळले, तरी ते एका उंचीपुरतेच. तीन हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश, पाच हजारांवर साठ टक्के. हवा कमी, म्हणून इंजिनाची शक्ती कमी, म्हणून पीळ कमी. त्याच फेऱ्यांवर तोल साधायला आता हलकी वजने हवीत. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात गाडी नेणारे लोक वेगळी वजने बरोबर घेऊनच निघतात.

जुळणी झाली की नाही, हे शेवटी बर्फावरच कळते. त्यासाठी मेकॅनिक थंड क्लचच्या तबकडीवर, मध्यापासून कडेपर्यंत, शाईच्या जाड पेनाने एक सरळ रेघ ओढतात. मग कळ पूर्ण दाबून गाडी लांबवर पळवतात आणि फेऱ्यांचा काटा कुठे टिकतो ते पाहतात. परत आल्यावर इंजिन बंद करून आवरण उघडायचे. पट्टा जिथपर्यंत चढला तिथपर्यंत शाई पुसली गेलेली असते. काटा इंजिनाच्या ठरलेल्या फेऱ्यांवर टिकला आणि रेघ कडेपर्यंत पुसली गेली, तर क्लच जुळला. काटा ठरलेल्या फेऱ्यांच्या वर गेला आणि रेघ अर्ध्यावरच शिल्लक राहिली, तर वजनाच्या डब्यातून एक-दोन ग्रॅम जड जोड काढायचा, तिन्ही जोखायची, आणि पुन्हा रेघ ओढायची.